धावत्या गाडीला वीज पुरविणारा : वेर्नर सीमेन्स

दिवा छताला टांगलेला असतो, पंखा तुळईला अडकविलेला असतो, गिरणीतील यंत्र जमिनीत पक्के रोवलेले असते. अशा स्थिर वस्तूंना वीज पुरविणे फारसे कठीण नाही. तार एकदा ओढली आणि जोडली की काम झाले. परंतु जी वस्तू एका जागी राहतच नाही, तिला वीज कशी द्यावयाची? गाडीच्या मागे तार बांधावी, तर ती किती लांब असावी? दहा हात, शंभर हात की दहा कोस? लांब तार गुंतणार, तुटणार, चाकाखाली सापडणार. गाडी पुढे गेली पाहिजे आणि विजेचा धागाही तुटता कामा नये, असा हा पेच होता.

हा पेच ज्या युक्तीने सुटला ती ऐकावयास अगदी साधी वाटते. तार गाडीला बांधावयाचीच नाही. ती मार्गाच्या कडेने, मधून किंवा वरून सबंध अंतरभर पसरून ठेवावयाची आणि गाडीने एका सरकत्या अवयवाने तिला सतत स्पर्श करीत पुढे जावयाचे. वाहक स्थिर, जोड मात्र चल. २०२२ पासून मडगावच्या स्थानकातून विजेवर चालणाऱ्या ज्या आगगाड्या जातात, त्यांच्या टपावरील दांडा हेच काम करीत असतो. ही कल्पना प्रत्यक्षात उतरविणाऱ्या व तिच्यासाठी एकामागून एक प्रयोग करणाऱ्या पुरुषांत जर्मनीच्या वेर्नर सीमेन्सचे नाव अग्रभागी आहे. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे असे आहे. कारण त्यात बुद्धीचे तेज जितके आहे, तितकेच कर्तव्याचे ओझे आणि अपयशाचे चटकेही आहेत.

वेर्नरचा जन्म १३ डिसेंबर १८१६ रोजी हॅनोव्हरजवळील लेंट या खेड्यात झाला. वडील दुसऱ्याची शेतजमीन खंडाने करीत. घरात एकंदर चौदा अपत्ये झाली. त्यांत वेर्नर चौथा. १८२३ मध्ये हे कुटुंब उत्तरेकडील मेंत्सेनडोर्फ या गावी जाऊन राहिले. वडील सुशिक्षित होते, परंतु शेतीचे उत्पन्न बेताचे आणि खाणारी तोंडे पुष्कळ. मुलाला ल्यूबेक शहरातील शाळेत घातले गेले. तेथे लॅटिन व ग्रीक या भाषांचे राज्य होते. वेर्नरचा ओढा गणिताकडे होता. स्थापत्यशास्त्र शिकावे अशी त्याची इच्छा होती, पण त्या शिक्षणाचा खर्च वडिलांना पेलण्यासारखा नव्हता.

अशा वेळी एका शिक्षकाने त्याला मार्ग दाखविला. प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाल्यास तेथील अधिकाऱ्यांना गणित, पदार्थविज्ञान व रसायन यांचे उत्तम शिक्षण मिळते, असे त्याला कळले. सतरा वर्षांचा हा मुलगा १८३४ मध्ये घरून पायी निघाला आणि बर्लिनला पोहोचला. माग्देबुर्ग येथील तोफखान्यात त्याची भरती झाली, आणि १८३५ ते १८३८ ही तीन वर्षे त्याला बर्लिनच्या तोफखाना व अभियांत्रिकी विद्यालयात काढावयास मिळाली. ज्या ओम या शास्त्रज्ञाचे नाव आपण विद्युत्‌रोधाच्या नियमात वाचतो, त्याचा भाऊ मार्टिन ओम हा गणितज्ञ तेथे शिकवीत असे. सैनिकाचा गणवेश हा या मुलाने विद्येसाठी मोजलेला मोबदला होता.

शिक्षण संपून थोडे स्थैर्य येते न येते तोच घरावर आघात झाला. १८३९ च्या उन्हाळ्यात आई गेली. पुढच्या वर्षाच्या आरंभी वडीलही गेले. मागे लहान भावंडांचा मेळा राहिला. तेवीस वर्षांचा, तुटपुंज्या पगाराचा हा लष्करी अधिकारी त्यांचा पालक झाला. पुढे त्याने जे शोध लावले, त्यांतील पहिले काही शोध कीर्तीच्या हव्यासाने लावलेले नव्हते. भावंडांची शिक्षणे व्हावयाची होती, त्यासाठी पैसा हवा होता, आणि तो मिळविण्याचे साधन म्हणजे आपले शास्त्रज्ञान, एवढाच हिशेब त्यामागे होता.

याच काळात एक विलक्षण प्रसंग घडला. एका मित्राच्या द्वंद्वयुद्धात वेर्नरने त्याचा साहाय्यक म्हणून भाग घेतला. द्वंद्व कायद्याने निषिद्ध होते. त्याला किल्ल्यात कैदेची शिक्षा झाली आणि माग्देबुर्गच्या गढीत त्याची रवानगी झाली. दुसरा कोणी असता तर दिवस मोजीत बसला असता. वेर्नरने रसायने आणि उपकरणे आत आणविली व कोठडीचीच प्रयोगशाळा केली. विजेच्या साहाय्याने धातूवर सोन्याचा मुलामा चढविण्याची रीत त्याने तेथे सिद्ध केली. थोड्याच दिवसांत राजाकडून माफी आली. तेव्हा हाती घेतलेला प्रयोग अपुरा राहील म्हणून त्याने आणखी काही दिवस कैदेतच राहू द्यावे अशी विनंती केली! अधिकाऱ्यांना ती अर्थातच मानवली नाही. १८४२ मध्ये त्याला या रीतीचे एकस्व मिळाले. पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ विल्हेल्म इंग्लंडला गेला व तेथील एल्किंग्टन यांच्या पेढीला ही रीत विकून आला. कुटुंबाच्या डोक्यावरील चिंतेचा भार काहीसा हलका झाला.

त्या दिवसांत युरोपात तारायंत्राचा बोलबाला सुरू झाला होता. इंग्लंडमध्ये व्हीट्स्टन याने केलेल्या यंत्रात एक काटा फिरून अक्षरावर थांबत असे. परंतु पाठविणाऱ्या व घेणाऱ्या यंत्रांचे काटे बरोबरीने फिरत नसत आणि निरोप चुकत असे. वेर्नरने दोन्ही काटे आपोआप एकाच गतीने पुढे सरकतील अशी योजना केली. पहिला नमुना त्याने चिरुटांच्या लाकडी पेट्या, पत्रा, लोखंडाचे तुकडे आणि तांब्याची तार यांतून उभा केला. हा नमुना पाहून योहान हाल्स्क नावाचा कुशल यांत्रिक त्याला येऊन मिळाला. एका चुलतभावाने भांडवल दिले. ऑक्टोबर १८४७ मध्ये बर्लिनमधील एका घराच्या मागील बाजूस 'सीमेन्स आणि हाल्स्क' हा तारायंत्रांचा छोटासा कारखाना सुरू झाला. वेर्नर कल्पना करी, हाल्स्क ती धातूत उतरवी.

केवळ यंत्र करून भागणार नव्हते; तार जमिनीखालून न्यावयाची तर तिला ओलाव्यापासून जपावे लागणार होते. मलायातील एका झाडाचा चीक गटापर्चा या नावाने तेव्हा नुकताच युरोपात आला होता. तो ऊन केला म्हणजे मऊ होतो व निवला म्हणजे घट्ट बसतो. तांब्याच्या तारेवर त्याचे अखंड, बिनसांध्याचे वेष्टन चढविणारे दाबयंत्र वेर्नरने तयार केले. १८४८-४९ मध्ये बर्लिन ते फ्रँकफुर्ट ही सुमारे ५०० किलोमीटरची तार त्याच्या कारखान्याने घातली. मार्च १८४९ मध्ये फ्रँकफुर्टच्या राष्ट्रसभेने प्रशियाच्या राजाची सम्राट म्हणून निवड केली, ती वार्ता तासाभरात बर्लिनला येऊन थडकली. लोक थक्क झाले. त्याच वर्षी वेर्नरने लष्कराची नोकरी सोडली.

परंतु यशापाठोपाठ संकट आले. जमिनीखाली उथळ पुरलेल्या तारा थोड्याच काळात बिघडू लागल्या. दोष कोणाचा, याविषयी सरकारी तारखाते आणि सीमेन्स यांच्यात वाद जुंपला. वेर्नरने आपली बाजू १८५१ मध्ये छापून प्रसिद्ध केली. परिणामी सरकारी काम बंद झाले. ज्या गिऱ्हाइकावर कारखाना उभा होता तेच गेले. वेर्नर खचला नाही. त्याने रशियाकडे दृष्टी वळविली आणि १८५३ पासून त्या विस्तीर्ण देशात तारांचे जाळे पसरण्याचे काम मिळविले. तिकडचा कारभार कार्ल या भावाने पाहिला, लंडनचा विल्हेल्मने. ज्या भावंडांना त्याने वाढविले, तीच आता त्याचे हात झाली होती.

आपल्या देशाशीही या चरित्राचा धागा जुळतो. १८५९ मध्ये सुएझपासून एडनपर्यंत तांबड्या समुद्राच्या तळाशी तार घालण्यात आली. ती पुढे कराचीपर्यंत नेऊन हिंदुस्थान इंग्लंडला जोडावयाचा बेत होता. या तारेची विद्युत्‌परीक्षा वेर्नरकडे होती. काम आटोपून परतताना त्याचे 'आल्मा' हे जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळले. उतारूंना उजाड, तापलेल्या बेटावर अन्नपाण्याच्या टंचाईत काही दिवस काढावे लागले, तेव्हा कोठे एका इंग्रज युद्धनौकेने त्यांची सुटका केली. समुद्रातील ती तारही लवकरच निकामी झाली. मग सीमेन्स बंधूंनी जमिनीवरून मार्ग काढला. लंडन, बर्लिन, वॉर्सा, ओदेसा, टिफ्लिस, तेहरान अशी त्यांची वाट होती आणि तेथून पूर्वीच्या तारांनी ती कलकत्त्यास जोडली गेली. एकंदर अंतर सुमारे ११,००० किलोमीटर! एप्रिल १८७० मध्ये या तारेवरून लंडनचा संदेश अर्ध्या तासाच्या आत कलकत्त्यास पोहोचला. पूर्वी पत्राला कित्येक आठवडे लागत.

आता ज्या शोधामुळे वीज निरोपाचे हलके काम सोडून ओझी उचलण्यास सिद्ध झाली, त्याकडे वळू. तारायंत्राला थोडीशी वीज पुरते. ती घटमालेतून मिळे. यंत्रे चालविण्याइतकी वीज घटमालेतून काढणे मात्र फार महाग पडे. चुंबकापुढे तारेचे वेटोळे फिरविले असता वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखविले होते. परंतु पोलादी चुंबकांची शक्ती तोकडी पडे. १८६६ च्या शरदात वेर्नरच्या ध्यानात आले की, मऊ लोखंडाच्या विद्युत्‌चुंबकातील प्रवाह थांबविल्यावरही त्यात चुंबकत्वाचा अल्पसा अंश उरतो. तेवढ्यावर वेटोळे फिरवावे. जी किंचित वीज मिळेल ती त्याच चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तारेत सोडावी. चुंबक थोडा बळावेल, वीज वाढेल, चुंबक आणखी बळावेल. चिमूटभर विरजणाने हंडाभर दूध लागावे, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे शक्ती फुकट मिळत नाही. ती वेटोळे फिरविणाऱ्या वाफेच्या यंत्रातून येते. १७ जानेवारी १८६७ रोजी हा शोध बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडण्यात आला. व्हीट्स्टन आणि व्हार्ली या इंग्रज संशोधकांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधले होते, आणि हंगेरीच्या येडलिकला ते त्याआधीच सुचले होते. परंतु या यंत्रातून स्वस्त वीज व तिच्यातून एक नवा उद्योग निर्माण होईल, हे वेर्नरने स्पष्ट ओळखले.

डायनॅमो उलट चालविला, म्हणजे त्यात वीज सोडली, की तो फिरू लागतो व चाके ओढू शकतो. मग आगगाडी विजेवर का चालू नये? १८७९ मध्ये बर्लिनला उद्योगप्रदर्शन भरले. तेथे ३१ मे रोजी लोकांनी एक नवल पाहिले. ३०० मीटरच्या वर्तुळाकार रुळांवर एक बुटके इंजिन तीन डबे ओढीत चालले होते. डब्यांतील पाठीला पाठ लावलेल्या बाकांवर अठरा माणसे बसली होती. इंजिनाला धुराडे नव्हते, कोळसा नव्हता, वाफ नव्हती. हाकणारा त्यावर घोड्यावर बसावे तसा बसला होता. हे इंजिन मुळात कोळशाच्या खाणीसाठी योजलेले होते. त्याची शक्ती जेमतेम तीन अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे ७ किलोमीटर. परंतु प्रदर्शनाच्या चार महिन्यांत ८६,००० हून अधिक लोक त्यात बसून फिरले.

या गाडीची खरी मौज तिच्या विजेच्या वाटेत होती. दोन रुळांच्या मध्ये एक तिसरी लोखंडी पट्टी लाकडाच्या आधारावर बसविलेली होती. दूर ठेवलेल्या डायनॅमोची वीज या पट्टीत येई. इंजिनाखालील स्पर्शक पट्टीला घासत जाई व वीज वर घेई. चाके व रूळ यांवाटे प्रवाह परत जाऊन चक्र पुरे होई. गाडी पट्टीवर कोठेही असो, तिला वीज मिळे.

प्रदर्शनाच्या कुंपणाआड हे ठीक. भर रस्त्यात काय? वेर्नरने बर्लिनच्या रस्त्यावर खांबांवरून जाणाऱ्या उंच रेल्वेची योजना मांडली. घरांसमोरून गाड्या जातील, उजेड अडेल, अशा तक्रारी झाल्या व परवानगी नाकारली गेली. तेव्हा १८८१ च्या मे महिन्यात त्याने बर्लिनजवळील लिष्टरफेल्ड येथे अडीच किलोमीटरची ट्राम सुरू केली. नियमित प्रवासी वाहतूक करणारी ही जगातील पहिल्या विजेच्या ट्रामांपैकी एक होय. येथे तिसरी पट्टी वगळली होती. एका रुळातून वीज येई, दुसऱ्यातून परत जाई. योजना सोपी, पण एक दोष तिला भोवला. जेथे रस्ता रूळ ओलांडी, तेथे माणसांना व विशेषतः नाल ठोकलेल्या घोड्यांना धक्के बसू लागले. मुका प्राणी बिचकून उधळे. ज्या शक्तीवर लोकांचा विश्वास बसवावयाचा, तिनेच लोकांना धाक घालावा, हे परवडणारे नव्हते. वीज पायाखालून उचलून डोक्यावर नेली पाहिजे, हा धडा स्पष्ट झाला.

म्हणून वर नेण्याचे प्रयोग सुरू झाले. एप्रिल १८८२ मध्ये बर्लिनजवळ हालेनझे येथे ५४० मीटरच्या रस्त्यावर वेर्नरने रुळांशिवाय चालणारी एक विजेची गाडी धावविली. रस्त्याच्या कडेने खांबांवर दोन तारा ओढल्या होत्या. त्या तारांवर आठ चाकांचा एक लहानसा गाडा चाले आणि लवचिक तारेने तो खालच्या गाडीशी जोडलेला असे. गाडी पुढे जाई तसा हा गाडाही वरून ओढला जाई, जणू मालकामागून चालणारे इमानी पोर! जगातील पहिली ट्रॉलीबस म्हणून आज हिचा उल्लेख होतो. हा प्रयोग जूनपर्यंतच चालला.

दुसरी रीत अधिक चमत्कारिक होती. तारेऐवजी वर दोन नळ्या टांगावयाच्या. प्रत्येक नळीला खालच्या अंगाने सबंध लांबीभर फट ठेवावयाची. नळीच्या आत विणकराच्या धोट्यासारखा एक धातूचा तुकडा सरकत राहील आणि फटीतून खाली उतरलेल्या तारेने तो गाडीला वीज देईल. १८८३ मध्ये ऑस्ट्रियातील म्योडलिंग येथे आणि १८८४ मध्ये फ्रँकफुर्ट ते ओफेनबाख या मार्गावर सीमेन्सच्या कारखान्याने अशा ट्राम प्रत्यक्ष चालविल्या. परंतु मार्गाला फाटे फुटले की नळ्यांची जोडणी अवघड होई. अखेर १८८८ मध्ये अमेरिकेत स्प्रेग याने रिचमंड शहरात खालून वर दाबून धरलेल्या दांड्याची रीत मोठ्या प्रमाणावर यशस्वी केली, आणि थोड्याच वर्षांत सीमेन्सच्या कारखान्यातूनही तारेला घासत जाणारी कमान पुढे आली. शेवटचा हात दुसऱ्याचा लागला खरा; पण पट्टी, रूळ, तार आणि नळी या चारही वाटा चालून पाहणारा आणि त्यांतील खाचखळगे दाखविणारा वेर्नरच होता.

हा पुरुष केवळ यंत्रात रमणारा नव्हता. १८७२ मध्ये त्याने कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. पुढच्या वर्षी कामाचा दिवस नऊ तासांचा केला. यामागे दया होती तशीच व्यवहारदृष्टीही होती. कसबी माणूस टिकला तर कारखाना टिकतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. संशोधकाच्या कल्पनेला संरक्षण मिळावे म्हणून त्याने एकस्वाच्या कायद्यासाठी खटपट केली व १८७७ मध्ये जर्मनीत तसा कायदा झाला. अचूक मोजमापाची राष्ट्रीय प्रयोगशाळा असावी म्हणून त्याने स्वतःची जमीन दिली. १८८७ मध्ये ती संस्था बर्लिनला स्थापन झाली आणि हेल्महोल्ट्झ हा थोर शास्त्रज्ञ तिचा पहिला अध्यक्ष झाला. १८८८ मध्ये सम्राटाने त्याला सरदारकी दिली. तेव्हापासून त्याच्या नावात 'फॉन' आला. त्याने आपले आत्मचरित्र लिहिले, ते १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला, शहात्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला असता, त्याचे निधन झाले.

बर्लिनमध्ये ज्या उंच रेल्वेला परवानगी नाकारली होती, तशी विजेची रेल्वे त्याच्या पश्चात १९०२ मध्ये त्या शहरात धावू लागली. मुंबईत १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी सुटली. १९७१ मध्ये विद्युत्‌वाहकता मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककास 'सीमेन्स' हे नाव देण्यात आले.

प्रदर्शनातील ती मधली पट्टी आजही अनेक रूपांनी जिवंत आहे. कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेस रुळांशेजारच्या तिसऱ्या पट्टीतूनच वीज मिळते. कारखान्यातील छताखालून सरकणारी यारी अशाच वाहक पट्ट्यांवरून वीज घेत पुढेमागे जाते. दुकानातील दिवे छताच्या खाचेत हवे तेथे सरकविता येतात. आणि आता तर भिंतीवर बसविलेल्या लांब पट्टीत प्लगची जोडणी हवी तेथे सरकवून घट्ट बसविण्याची सोय काही घरांत व कचेऱ्यांत दिसते. म्योडलिंगच्या फट ठेवलेल्या नळीतून सरकणारा तो धोटा आणि ही सोय यांचे नाते जवळचे आहे. वाहक सबंध लांबीभर, जोड पाहिजे तेथे, हेच तत्त्व दोहींत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रातून एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. फीसाठी पैसा नसलेल्या मुलाने सैन्यात शिरून विद्या मिळविली. ती विद्या त्याने आधी पोरक्या भावंडांसाठी राबविली आणि नंतर जगासाठी. लिष्टरफेल्डचा घोडा बिचकला, तेव्हा त्याने घोड्याला दोष दिला नाही. तार वर नेली. आपल्या योजनेने दुसऱ्याला इजा होते असे दिसताच योजना बदलावयास बसणे, ही शास्त्रज्ञाची सचोटी होय. गणिताच्या तासाला उत्तर चुकले म्हणून वही मिटवून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने वेर्नरच्या त्या चार वाटा आठवाव्यात आणि वही पुन्हा उघडावी.